सिएटलहून उंबरवाडीला किती वेळ लागतो

गोजर लग्न होऊन उंबरवाडीत आली त्याला आठ दिवसही झाले नव्हते. ती चुलीपुढं भाकरी थापत होती आणि ओटीवर तिचा सासरा नि चुलतसासरा भांडत होते. भांडण बांधाचं नव्हतं, वाटणीचं नव्हतं. शहापूर जवळ की मुरबाड जवळ, एवढंच. उंबरवाडी पडली दोन्हींच्या मधोमध, त्यामुळं भांडायला जागा भरपूर.

सासरा म्हणत होता शहापूर जवळ, कारण त्याची सासुरवाडी तिकडं होती आणि गेलं की कोंबडं कापायचे. चुलतसासरा म्हणत होता मुरबाड जवळ, कारण त्या वाटेवर त्याच्या ओळखीचं एक ताडीचं झाड होतं.

"मी पायानं मोजलंय," चुलतसासरा म्हणाला.

"ताडी पिऊन मोजलंस. तुझे पाय सरळ कदी पडले?" सासरा म्हणाला.

झालं. दोघं सख्खे भाऊ सात वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. गोजरची सासू म्हणायची, दोघांनी मिळून वाट मोजली असती तर दुपारपर्यंत निकाल लागला असता, पण मिळून जायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

त्या दिवशी भाकरी करपली आणि गोजरच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. वाट किती लांब हे वाटेला विचारू नये, चालणाऱ्याला विचारावं.

पुढं तेच तिचं काम झालं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भाताचं एवढंसं शेत. गावात लग्न, हळद, जावळ काही निघालं की आवतण द्यायला गोजरकाकीच. पदराच्या गाठीला अक्षता नि सुपाऱ्या बांधायच्या आणि पायी, एसटीनं, जीपनं, जमेल तसं पाड्यापाड्यांवर जायचं. छापलेली पत्रिका पोस्टानं आली तर लोक म्हणायचे, पत्रिका आली, आवतण नाय आलं, आणि घरीच बसायचे.

पण तिचं खरं नाव होतं वेळेबद्दल. कोण कधी पोचेल हे ती सांगायची आणि तो तेव्हाच पोचायचा. मनगटाला घड्याळ नाही, शाळा दुसरीपर्यंत. जाणाऱ्याला ती एकच विचारायची, "निघशील तवा तुझी सावली कुठं असंल?" मग त्या माणसाकडं एकदा नीट बघायची. माहेराहून निघताना रडणारी असेल तर एक तास वाढवायची. फटफटीवाला असेल तर वाटेतली वडापावची गाडी धरायची. नवरा-बायको भांडून निघणार असतील तर वेळ कमी करायची, कारण भांडलेली माणसं वाटेत कुठं थांबत नाहीत. चाळीस वर्षांत तिचा शब्द खोटा पडला नव्हता. लोक तिच्यावर घड्याळं लावायचे.

आणि तो शब्द पणाला लागला तो प्रेमाच्या पोराच्या जावळात.

प्रेमा म्हणजे गोजरच्या पुतण्याची, रितेशची बायको. माहेर भातसानगरच्या धरणाच्या कॉलनीतलं. आईवडील राहिले नव्हते, एक भाऊ तेवढा, हरेश. तो शिकून अमेरिकेत गेला, सिएटल नावाच्या शहरात. प्रेमाचं लग्न लावून गेला तो चार वर्षं फिरकला नव्हता. प्रेमाचा हट्ट असा, की पोराचं जावळ निघेल तर हरेशदादाच्याच मांडीवर. जावळाला सख्ख्या मामाची मांडी लागते, तिनं काही नवीन मागितलं नव्हतं. पण पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं, छोट्या प्रज्वलच्या केसांची वेणी घालायची वेळ आली. बाजारात बाया गाल ओढून म्हणायच्या, काय गोड पोरगी हाय गो. तिसरं वर्ष सरत आलं होतं. सम वर्षात जावळ करत नाहीत, म्हणजे हा वैशाख चुकला की पाचव्या वर्षापर्यंत वेणी.

हरेशला सहा दिवसांची रजा मिळाली. फोनवर म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी सहाला विमान हाय. सगळे मिळून चोवीस तास लागतात."

आता हे चोवीस तास गावानं कसे तपासले ते ऐकण्यासारखं आहे.

रितेश भिवंडीच्या गोदामात कामाला, त्यानं मोबाईलमध्ये बघितलं. मुंबई ते सिएटल, हवेतनं सरळ रेघ मारली तर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. न थांबता उडालं तर सोळा तास. पण मधे एका गावाला उतरून दुसरं विमान धरायचं, म्हणून चोवीस.

तेवढ्यानं बारकूभावजींचं समाधान होईना. बारकू हा गोजरचा चुलतदीर. त्याची अख्खी नोकरी कसाऱ्याला रेल्वेत झाली. घाट चढायच्या आधी गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना तिथं बँकर म्हणतात. ते बँकर जोडायचं नि सोडायचं हेच त्याचं काम. त्यामुळं जगातल्या कुठल्याही प्रवासाचं कोडं तो घाटावर आणून सोडवायचा.

"मागच्या खेपेला हरेश जाताना कवा निघाला?" त्यानं विचारलं.

"रविवारी सकाळी आठला," प्रेमा म्हणाली.

"आणि उतरला कवा?"

"दुसऱ्या दिवशी फोनवर म्हनला, रविवारी संध्याकाळी साडेसातला उतरलो."

"म्हंजे जाताना साडेअकरा तास. आणि येताना चोवीस." बारकूनं सगळ्यांकडं असं बघितलं, जसं काही सगळं उघडच आहे. "जाताना उतार हाय, येताना चढ. इगतपुरीवरनं गाडी खाली सोडली तर भुर्रकन येते, वर न्यायची तर दुप्पट टाइम. तेच हाय ते."

"विमानाला कसला चढ, आबा?" रितेश म्हणाला.

"मग साडेअकराचे चोवीस कशानं झाले, तू सांग."

रितेशनं परत मोबाईल उघडला. हरेश चोवीस म्हणतो, मोबाईल चोवीस म्हणतो, कसाऱ्याचा घाटही चोवीसच म्हणतो. तिघांचं असं एकमत झालं की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय. पण गोजरही त्या दिवशी घाईत होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं जाणाऱ्याला सावली विचारली नाही. शनिवारी सहा, अधिक चोवीस, रविवारी सहा. गाठीला अक्षता बांधल्या आणि अकरा पाड्यांवर सांगून आली, "मामा रविवारी दिवेलागणीला येतो. सोमवारी सकाळी साडेनवाला जावळ. जेवायलाच या."

रविवारी पहाटे पाचला ती प्रेमाकडं तांदळाचं पीठ चाळायला गेली, तर प्रेमा हरेशशी मोबाईलवर तोंड बघून बोलत होती. गोजरनं सहज डोकावलं. हरेश बॅग घेऊन खुर्चीत बसलेला आणि त्याच्या मागच्या काचेतनं लख्ख ऊन.

"काय रे, तुझ्या मागं ऊन कसं? विमानात हाय ना तू?"

"नाय काकी, अजून बसायचोय. दीड तास हाय."

"शनिवारी बसनार व्हतास ना?"

"शनिवारच हाय इथं. दुपारचे साडेचार."

"शनिवार?" गोजर म्हणाली. "शनिवार आमी काल संपवला."

"तुमचा संपला की मग आमच्याकडं येतो, काकी."

गोजरच्या हातातली चाळणी थांबली. म्हणजे अमेरिकेचा दिवस हा आपला शिळा भात. इकडं जेवून भांडी घासून झाली की मग तो त्यांच्या ताटात पडतो. तिनं बोटांवर मोजलं. त्याची शनिवार संध्याकाळ म्हणजे आपली आत्ता ही रविवार सकाळ. दीड तासानं विमान, तिथनं चोवीस तास धरले तर सोमवारी सकाळी साडेसहाला मुंबई. तिथं कागद दाखवा, बॅग शोधा, गाडी धरा. साडेनवाला तो फार तर पडघ्याच्या आसपास चहा पीत असेल.

फोन ठेवल्यावर प्रेमा रडायलाच लागली. "आता कमळाकरदादा बसेल मांडीवर."

हा कमळाकर म्हणजे प्रेमाचा चुलतभाऊ, शहापूरला मंडपाचा धंदा. माणूस वाईट नव्हता, पण पुढं व्हायची सवय. जावळाचा मंडप त्यानंच घातला होता आणि तोच मंडप सोडून दुपारी मुरबाडच्या एका लग्नाला न्यायचा होता. त्यामुळं साडेनऊ म्हणजे साडेनऊ. शिवाय तो आल्यापासून सांगत होता, हरेश नाय आला तर मी हाय ना, मामा तो मामा. मांडीला नवी पँट शिवून घेतली होती म्हणे.

"दिवस पुढं ढकलूया का, काकी?"

"आवतन दिलेला दिवस मागं फिरवत नाय. आणि तीनशे मान्सांचं जेवन काय परत पोत्यात भरनार?" गोजरनं पीठ चाळायला घेतलं. "भटजी काय म्हनले व्हते?"

"बारा वाजायच्या आत."

"मग बारा वाजायच्या आतच करू. तू कुनाला बोलू नको. नवऱ्यालाबी नाय. त्याच्या पोटात काय ऱ्हात नाय."

संध्याकाळ झाली, दिवेलागण झाली, हरेशचा पत्ता नाही. गाव विचारायला लागलं. गोजर बारकूजवळ जाऊन बसली आणि भोळ्या तोंडानं म्हणाली, "भावजी, चढावर गाडी अडकते का हो कदी?"

बारकूला आणखी काय हवं होतं. बँकर मोकळा नसला की गाडी कशी तासन्‌तास उभी करतात, सन त्र्याण्णवला एक मालगाडी कशी सकाळपर्यंत लटकली होती, हे सगळं त्यानं ओटीवर बसून सांगितलं. ऐकणाऱ्यांचं समाधान झालं. मामा चढावर अडकलाय, सकाळी येईल, असं म्हणत लोक जेवायला गेले.

सोमवारी उजाडताच गोजर सरळगावला निघाली. केस काढणाऱ्या देवजीला मानानं घेऊन यायचं काम तिचंच. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं म्हणून तर सोमवार धरला होता. एरवी ती आठच्या आत परत येई. त्या दिवशी मात्र तिनं चाळीस वर्षांची विद्या उलटी चालवली. वेळ कशानं वाचतो हे जिला ठाऊक, तिला तो कशानं जातो हेही ठाऊक असतं.

आधी देवजीच्या दारात नारळ ठेवून बसली आणि त्याच्या बायकोला म्हणाली, "पोर नाजूक हाय. ह्यांना वस्तरा पुन्हा परजायला सांग." देवजीनं परजला. "आता एवढा धारेचा नको, जरा बोथट करा," म्हणाली. त्यात पाऊण तास गेला.

मग नाक्यावर तीन जीपा उभ्या होत्या. तिनं बघून बघून दिपेशची धरली. दिपेशची जीप माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली की दिपेश पान खायला जातो.

"काकी, ती पुढची सुटतेय," देवजी म्हणाला.

"तिचा डायवर लय जोरात मारतो. तुमच्या हातात वस्तरा हाय."

अर्ध्या वाटेत उतरली. तिथल्या पाड्यावरच्या ओळखीच्या सोमीची तब्येत बरी नाही, आजारी माणसाच्या दारावरनं तसंच जाऊ नये, म्हणाली. गेले तर आजारी सोमी आंब्याच्या झाडावर चढून कैऱ्या पाडत होती.

"बरं वाटतंय वाटतं आता," गोजर खालून म्हणाली.

"मला काय झालं व्हतं?" सोमी वरून म्हणाली.

"तेच बघायला आलो." मग ताक झालं, कैरी झाली, मीठ झालं.

इकडं मंडपात काय चाललं होतं ते प्रेमा पुढं वर्षभर हसून हसून सांगायची. कमळाकर नवाला पाटावर बसला होता. दहा वाजले तसा उठला. "दहा वाजले. सुरू करा."

"गोजरवहिनी आल्या का?" बारकूनं विचारलं.

"नाय."

"मग दहा कसे वाजतील? त्यांनी साडेनऊ सांगितलेत. त्या आल्या की साडेनऊ."

रितेशनं मोबाईल पुढं केला. बारकूनं तो लांब धरून बघितला आणि परत दिला. "ह्याला इथं रेंज नाय. त्याला काय कळतंय."

तीनशे माणसांतल्या निम्म्यांनी मान हलवली. गोजरकाकी उशिरा येते हे मानण्यापेक्षा सगळ्या गावाची घड्याळं पुढं गेली हे मानणं त्यांना सोपं होतं. कमळाकर परत पाटावर बसला. साडेदहाला उठला, पावणेअकराला बसला. आचारी म्हणाला, भात आता नऊच्या हिशोबानं ठेवू की अकराच्या?

गोजर आणि देवजी गावच्या वेशीवर आले तेव्हा सावली पायाशी यायला थोडीच राहिली होती. गाडीचा पत्ता नव्हता. गोजरजवळ मोबाईल नव्हता, हरेश उतरला की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं. तिच्याजवळ फक्त हिशोब होता. भातसानगरला आवतणं घेऊन जायची तेव्हापासून, एवढासा असल्यापासून हरेशला तिनं बघितलेलं, शाळेतनं बहिणीकडं निघाला की वाटेत कधी रमला नाही, थेट घरी आला. त्या हिशोबानं आत्ता त्या वळणावर धूळ उडायला हवी. उडत नव्हती. तिनं हिशोब पुन्हा बोटांवर मोजला. मंडपात पाऊल टाकलं की जावळ सुरू, आणि नाही टाकलं तर सूर्य डोक्यावर.

ती उंबराखाली मटकन बसली. "देवजी, काटा मोडला पायात."

देवजी भला माणूस. त्यानं पेटी उघडली, चिमटा काढला, काकीची टाच मांडीवर घेतली. "कुठं?"

"जरा खाली."

"इथं?"

"वर. नाय, बोटाकडं."

पायात पन्नास पावसाळ्यांच्या भेगा. देवजीनं एकेक भेग उघडून बघितली. चष्मा काढला, पुसला, घातला. "काकी, मला काय दिसत नाय."

"मला सलतोय ना. बघा नीट."

दहा मिनिटं झाली. घामाचा थेंब देवजीच्या नाकावरून काकीच्या टाचेवर पडला. आणि वळणावर धूळ उडाली, धुळीतनं पांढरी गाडी निघाली, गाडीच्या खिडकीतनं हरेशचं विस्कटलेलं डोकं.

"निघाला," गोजर म्हणाली आणि पाय ओढून उभी राहिली.

"कुठं निघाला? मी तर काय ओढलंच नाय."

"चला, उशीर होतोय."

तिघं एकदमच मंडपात शिरले. बारकूनं कमळाकरकडं बघून शांतपणे सांगितलं, "वाजले बघ साडेनऊ."

बाराला पंधरा कमी असताना प्रज्वल हरेशच्या मांडीवर बसला. पोरगं रडलं नाही, मामाच डुलक्या घेत होता. आत्यानं पदरात केस झेलले. प्रेमा भावाला मागून धरून उभी होती, पडू नये म्हणून, असं ती म्हणाली. पोराला टोपी घालायचा मान गोजरनं कमळाकरला दिला. त्याची नवी पँट वाया गेली, पण फोटोत तोच पुढं आला.

संध्याकाळी हरेशनं लिंबू नि टॉर्च घेऊन बारकूला समजावलं. पृथ्वी गोल, ती फिरते, म्हणून तिकडं दिवस मागं नि इकडं पुढं, शिवाय ती जरा तिरपीही आहे.

"तिरपी हाय म्हनतोस?" बारकूनं विचारलं.

"हो."

"मग चढ आलाच की."

काट्याची गोष्ट देवजीच्या दुकानात आठ दिवस तरी टिकायला हवी होती. चार दिवसांत मुरबाडपर्यंत पोचली. गोजरच्या शब्दाला तेव्हापासून एक शेपूट लागलं. आवतण दिलं की लोक विचारायचे, "काकी, ही वेळ खरी का काट्याची?" ती म्हणायची, "काट्याची आसती तर तुला विचारायला सुचलं नसतं." पण खरं सांगायचं तर तिला ते लागलं होतं. चाळीस वर्षांचं नाव एका सकाळी उधळलं, आणि तेही तिनं आपल्याच हातानं. प्रेमानं एकदा विचारलं, वाईट वाटतं का. गोजर म्हणाली, पोराची वेणी घालायला सकाळचा किती वेळ जायचा तुझा, तो वाचला ना.

त्यानंतर दोन वर्षांनी, मार्गशीर्षात, बारकूच्या नातीचं, भावनाचं लग्न निघालं. गोजरनं दिलेलं ते शेवटचं आवतण. त्या आठवड्यातच ती झोपेत गेली. पण आवतणाच्या दिवशी हे तिला ठाऊक नव्हतं आणि दुसऱ्या कुणालाही नव्हतं, त्यामुळं तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला.

सकाळी भातसानगरची पाच घरं केली. एक बंद होतं, तिथं कडीला अक्षतांची पुडी बांधली आणि शेजारणीला सांगून ठेवलं. दुपारी शहापुरात आली. शेवटचं कमळाकरचं दुकान. तो खुर्च्या मोजत होता.

"या काकी. काय घेनार, चहा का सरबत?"

"पानी दे. भावनाचं लगीन हाय, येत्या रविवारी, बारा वाजून दहा मिनिटांनी. सगळ्यांनी या, बायकोला घेऊन या."

त्यानं अक्षता घेतल्या, सुपारी खिशात टाकली आणि डोळे बारीक केले. "बारा दहाच ना? काट्याबिट्याचं काय नाय ना?"

गोजरनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तू निघशील तवा तुझी सावली कुठं असंल?"

"मला काय म्हाईत सावली. साडेदहाला निघेन."

तिनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं. पोट सुटलं होतं, बायको नटायला वेळ लावायची, आणि किन्हवलीला त्याचा मित्र होता, जो चहाशिवाय सोडत नसे.

"साडेनवाला निघ," ती म्हणाली. पदराची गाठ झटकून मोकळी केली, उरलेल्या चार सुपाऱ्या कनवटीला लावल्या आणि चारची एसटी धरायला चालू लागली.